माहिती खरी, पण कोणाची? फोनवर आजार शोधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ३२ वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी होते. (नागपुरात नुसतं ‘मेडिकल’ म्हटलं की दुकान की दवाखाना, हे विचारावंच लागतं. म्हणून ‘औषधाचं दुकान’.) आता आमच्या वस्तीतल्या वाचनालयात रविवारी सकाळी एक टेबल घेऊन बसते. लोक रिपोर्ट आणतात, चिठ्ठ्या आणतात, फोनवर काय वाचलं ते दाखवतात. मी डॉक्टर नाही. निदान करत नाही, औषध सुचवत नाही, फक्त वाचायला मदत करते. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी लिहून काढले. प्रश्न शक्यतो विचारले गेले तसेच ठेवलेत.

ताई, मंग गूगलवर आजार पाहायचाच नाही का?

पाहा की. कोणत्याही मोठ्या ओपीडीत सकाळपासून रांग लावून डॉक्टरांसमोर बसायला मिळतात चार-पाच मिनिटं. तेवढ्यात आजाराचं नावसुद्धा नीट कानावर पडत नाही. घरी येऊन ते नाव शोधणं, आजार म्हणजे काय ते वाचणं, पुढच्या वेळी काय विचारायचं ते ठरवणं, यात काहीच चूक नाही.

एक मात्र सांगते. सगळे ‘खोट्या माहिती’ची भीती घालतात. माझ्या टेबलावर खोटी माहिती येते, नाही असं नाही, पण त्याहून जास्त येते ती खरी, फक्त दुसऱ्याच कोणाची तरी माहिती. मोठ्या माणसाची मुलाला लावलेली, इंग्लंडची नागपुरात लावलेली, रुग्णाची वाहकाला (म्हणजे आजाराचं जनुक आहे पण आजार नाही अशाला) लावलेली. खाली बहुतेक ठिकाणी हेच दिसेल.

कुठून सुरुवात करू? सगळ्यात वरचं उघडायचं ना?

सगळ्यात वर बऱ्याचदा जाहिरात असते. बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, ते आधी शोधा. कोणतंही पान उघडलं की मी तीन गोष्टी बघते: लिहिलं कोणी, शेवटचं तपासलं कधी, आणि खाली काही विकायला ठेवलंय का. गुडघेदुखीची कारणं सांगता सांगता पान गुडघ्याच्या तेलाच्या बाटलीवर येऊन थांबलं, की मी ते बंद करते.

इंग्रजी जमत असेल तर ‘मेडलाइनप्लस’ चांगलं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं आहे, १९९८ पासून चालू आहे, जाहिराती नाहीत, भाषा शाळकरी पोराला कळेल अशी. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या पानांवर ते शेवटचं कधी तपासलं याची तारीख असते. जागतिक आरोग्य संघटनेची आजारवार माहितीपत्रकं छोटी आणि नेमकी असतात. मराठीत सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं ‘विकासपीडिया’ आहे. त्यातली काही पानं जुनी आहेत, पण शब्द समजून घ्यायला उपयोगी. आपल्याकडच्या सरकारी साइटचा पत्ता बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. पत्त्याचा शेवट वाचायची सवय लावा, सुरुवातीला काय वाटेल ते नाव टाकता येतं.

जुन्या पानांच्या तळाशी अजूनही ‘हॉन कोड’ नावाचा शिक्का दिसतो. जिनिव्हातली एक संस्था साइट तपासून तो द्यायची. ती संस्था २०२२ च्या शेवटी बंद झाली. त्यामुळे तो शिक्का आज दिसला तर त्या पानाकडे बरेच दिवस कोणी बघितलेलं नाही, एवढाच अर्थ काढा.

मराठीत शोधू का इंग्रजीत?

दोन्हीत. पण आधी तुमचा शब्द नेमका कशासाठी वापरताय ते बघा.

‘गॅस’ घ्या. आपल्याकडे छातीत भरून आलं, पाठीत दुखलं, ढेकर अडकली, सगळ्याला गॅसच म्हणतात. ‘गॅसवर उपाय’ असं शोधलं की ओवा, हिंग, सोडा हेच येणार. शोधणाऱ्या यंत्राला काय माहीत की तुम्हाला घाम फुटलाय आणि डावा हात जड झालाय? तुम्ही विचारलं त्याचंच उत्तर ते देतं. म्हणून आजाराचं नाव टाकू नका, जे होतंय ते टाका: ‘छातीत दाब, घाम, हातात कळ’. नाव आपण ठरवून टाकलं की उत्तरही आपणच ठरवलेलं येतं. (आणि खरंच हे होत असेल तर शोधू नका, १०८ लावा. त्याबद्दल खाली.)

‘कावीळ’, किंवा आपल्याकडे अर्धे लोक म्हणतात तसा ‘पिलिया’, हा एक आजार नाही, लक्षण आहे. दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई मुळे होते, पित्ताच्या नळीत खडा अडकल्यानेही होते, नवजात बाळाला होते ती आणखी वेगळी. शेजारणीच्या पोराची कावीळ तीन आठवड्यांत आपोआप उतरली हे खरं असेल. पण तुमच्या सासऱ्यांना खड्यामुळे झाली असेल तर तीन आठवडे थांबणं महागात पडेल. ‘अटॅक’ म्हणजे कोणी हृदयाचा म्हणतं, कोणी लकव्याचा. ‘नागीण’ शोधली की सापाचे फोटो येतात. तिला ‘हर्पिस झोस्टर’ म्हणून शोधा. ती दोन्ही बाजूंनी येऊन कमरेला वेटोळं पूर्ण करते आणि माणूस जातो, ही जुनी भीती डोक्यातून काढून टाका. ती कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होते आणि बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला राहते. लवकर, शक्यतो ७२ तासांत औषध सुरू झालं तर फायदा जास्त, म्हणून डॉक्टरांकडे जायचं.

फोनच्या भाषांतरावर फार विसंबू नका. एका काकूंनी लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट मराठीत करून आणला होता, त्यात लिहिलं होतं ‘संस्कृती नकारात्मक’. घरी वाद झाला म्हणे. मूळ शब्द होता ‘कल्चर निगेटिव्ह’, म्हणजे जंतू वाढवून पाहिले, आढळले नाहीत. ‘डिस्चार्ज’चंही तेच. कागदावर अंगावरून जाणारा स्राव असतो आणि भाषांतरात सुट्टी मिळते.

अमेरिकेच्या साइटवर आमची गोळी सापडतच नाही.

दोन कारणं असतात. एक, पाकिटावरचं मोठं नाव कंपनीचं असतं. औषधाचं खरं नाव बारीक अक्षरात असतं, ते शोधा. दोन, काही औषधांची नावंच तिकडे वेगळी आहेत. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ‘अ‍ॅसिटामिनोफेन’. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिकडे ‘अल्ब्युटेरॉल’. अ‍ॅड्रेनलिन म्हणजे ‘एपिनेफ्रिन’. औषध तेच, पाटी दुसरी.

बारीक अक्षर वाचायची सवय मला माझ्याच घरी लागली, सांगायला लाज वाटते. यजमानांना ताप होता, मी पॅरासिटामॉल ६५० ची गोळी देत होते आणि ते स्वतःच्या मनाने वर सर्दीची गोळी घेत होते. तिसऱ्या दिवशी सर्दीच्या पाकिटाची मागची बाजू वाचली, तर त्यातही पॅरासिटामॉल. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगितलं आणि घरात बघितलं नाही. निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. यकृताचा त्रास किंवा दारू असेल तर त्याहून बरंच कमी, तेही डॉक्टरांना विचारून.

पोरानं इंग्लंडवरून साखरेचा तक्ता पाठवला, त्यात ४ ते ७ लिहिलंय. माझी ११८ येते!

या बाई दोन दिवस जवळपास उपाशी होत्या. त्यांच्या मुलाने पाठवलेला तक्ता शंभर टक्के खरा होता. फक्त ब्रिटनमध्ये साखर ‘मिलिमोल’मध्ये मोजतात आणि आपल्याकडे ‘मिलिग्रॅम’मध्ये. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. ७ गुणिले १८ म्हणजे १२६. त्यांची ११८ म्हणजे तिकडची साधारण साडेसहा, त्याच तक्त्यात बसणारी. मी कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग मुलाला फोन लावून रागावल्या.

आकड्यापुढे जे बारीक अक्षर असतं ते एकक. ते जुळत नसेल तर दोन आकड्यांची तुलनाच करू नका.

रिपोर्टवर ठळक अक्षरात ‘एच’ आलं. आता का करू?

आधी बसा. पाणी घ्या.

‘एच’ म्हणजे हाय, ‘एल’ म्हणजे लो. समोर छापलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली, इतकंच यंत्र सांगतं. आता ही मर्यादा ठरते कशी? बऱ्याच तपासण्यांत निरोगी माणसांची मोजणी करून मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ‘नॉर्मल’ धरतात. म्हणजे धडधाकट असूनही शंभरातले पाच जण रेषेबाहेर पडणारच. हल्ली सवलतीत मोठमोठी ‘पॅकेजं’ मिळतात. समजा २० तपासण्या केल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर शंभर निरोगी माणसांतल्या साधारण ६४ जणांच्या रिपोर्टवर कुठे ना कुठे एक तरी ठळक अक्षर येईल. दिवाळीच्या सवलतीनंतरच्या रविवारी माझ्या टेबलावर गर्दी का असते, ते कळलं ना.

दुसरी गोष्ट, छापलेली मर्यादा तुमचीच आहे का? एक आई १२ वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट घेऊन आली. ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’ ३१०, समोर ‘एच’. तिने रात्री शोधलं तर यकृताचे आजार, हाडांचे आजार, आणि त्याखाली कॅन्सर. रात्रभर झोपली नव्हती, डोळे सुजलेले. मी मर्यादेचा रकाना बघितला तर तो मोठ्या माणसांचा होता. वाढत्या वयात हाडं वाढत असतात, त्यामुळे मुलांमध्ये हा आकडा मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. मी तिला एवढंच म्हटलं की हा रकाना मुलाच्या वयाचा आहे का, हे डॉक्टरांना विचारा. सोमवारी त्यांनी एका वाक्यात सांगितलं, पोरगा उंच होऊन राहिला. तिने रात्री वाचलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ते पन्नाशीतल्या माणसासाठी लिहिलेलं होतं.

गरोदर बाईचंही तसंच. हिमोग्लोबिन एरवी बायकांत १२ च्या खाली गेलं की कमी, गरोदरपणात ही रेषा ११ ची. वय, गरोदरपण, चालू औषधं हे बाजूला ठेवून आकडा वाचता येत नाही.

आणि उलटही सांगते, सगळे आकडे नॉर्मल आले म्हणून त्रास खोटा ठरत नाही. त्रास होत असेल तर रिपोर्ट पाकिटात ठेवून पुन्हा दाखवायला जा.

‘निगेटिव्ह’ म्हणजे वाईट ना?

नाही. जे शोधलं ते सापडलं नाही. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे सापडलं. ‘बिनाइन’ म्हणजे कॅन्सरची नसलेली गाठ, ‘मॅलिग्नंट’ म्हणजे कॅन्सरची. सोनोग्राफीत ‘अनरिमार्केबल’ आलं तर खूश व्हा, सांगण्यासारखं काही नाही असा त्याचा अर्थ. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ लिहिलेलं असलं की लोक घाबरतात. रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासलेलं नसतं, म्हणून ते तुमच्या डॉक्टरांना सांगतात की पेशंट बघून ठरवा. सोनोग्राफी-सीटीचा कागद वाचायचाच असेल तर शेवटचा ‘इम्प्रेशन’ हा भाग आधी वाचा. वरचं सगळं वर्णन असतं.

चिठ्ठीवरचं ओडी, बीडी?

ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. चष्म्याच्या कागदावर मात्र ओडी म्हणजे उजवा डोळा आणि ओएस डावा. एका आजोबांनी हे नेटवर शोधून ‘दिवसातून एकदा चष्मा’ असा अर्थ काढला होता. काही दिवस पाळलाही.

‘धोका ५० टक्क्यांनी वाढतो’ असं वाचून आईने गोळीच बंद केली.

कशाचे ५० टक्के, ते विचारा. दहा हजारांत दोघांना होणारी गोष्ट तिघांना व्हायला लागली, तरी बातमीत ‘५० टक्क्यांनी वाढ’ असंच येतं. खोटं नाही ते. पण दहा हजारांत एक जण वाढला, असं लिहिलं असतं तर आईने गोळी बंद केली असती का? नेहमी मूळ आकडा शोधा, आणि तो पानावर नसेल तर त्या पानाला तुम्हाला समजावायचं नाही, दचकवायचं आहे असं समजा. बीपीची, मिरगीची, थायरॉइडची, रक्त पातळ करण्याची गोळी वाचलेल्या मजकुरावरून कधीही बंद करू नका. शंका असेल तर बंद करण्याआधी फोन करा.

मुलीच्या रिपोर्टमध्ये सिकलसेल ‘एएस’ आलं. नेटवर तर फार भयंकर लिहिलंय.

सिकलसेल हा आई-बाबांकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात हा प्रश्न येणारच, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मुलीवर नाही, शोधयंत्रावर. ‘सिकलसेल’ टाकलं की रुग्णांची माहिती येते: हाडं फोडणाऱ्या वेदना, वारंवार भरती, रक्त चढवणं. ती ‘एसएस’ची, म्हणजे दोघांकडूनही सिकलचं जनुक आलेल्यांची माहिती आहे. ‘एएस’ म्हणजे वाहक. आई-बाबांपैकी एकाकडून सिकलचं जनुक आलं, दुसऱ्याकडून साधं. वाहकाला सहसा त्रास नसतो, शाळा, खेळ, नोकरी, लग्न सगळं इतरांसारखं. शोधायचंच असेल तर ‘सिकलसेल वाहक’ किंवा इंग्रजीत ‘सिकलसेल ट्रेट’ असं शोधा, पानं बदलतात.

शाळेत किंवा शिबिरात पहिली झटपट चाचणी होते ती ‘सोल्युबिलिटी’ची. ती वाहक आणि रुग्ण दोघांतही पॉझिटिव्ह येते. दोघांत फरक करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी लागते. नुसत्या पहिल्या चाचणीवर कोणी रडत बसू नका आणि निर्धास्तही राहू नका, दुसरी करून घ्या. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे आणि २०४७ चं उद्दिष्ट ठेवलं आहे, त्यात ही तपासणी येते.

लग्नाचा प्रश्न आला की सगळे गप्प होतात, म्हणून स्पष्ट सांगते. दोघंही ‘एएस’ असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५०, अगदी साधं असण्याची २५. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. पहिलं बाळ ‘एसएस’ झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. एक जण ‘एएस’ आणि दुसरा ‘एए’ (दोघांकडूनही साधं जनुक) असेल तर बाळाला हा आजार होत नाही, फार तर ते वाहक होतं. म्हणून मुलगी ‘एएस’ आहे हे लपवण्यापेक्षा मुलाचीही तपासणी मागा. आमच्याकडे चौकशी नेहमी मुलीचीच होते, हे मला ३२ वर्षं काउंटरमागून दिसत होतं.

आणखी एक: सिकलसेल असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ‘एचबीए१सी’ चाचणी चुकू शकते. वाहकांमध्येही काही पद्धतींनी गडबड होते. साखर तपासताना हे लॅबला आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही.

डेंग्यूत पपईच्या पानाचा रस किती एमएल? ग्रुपवर तीन वेगवेगळी मापं आली.

पावसाळा संपता संपता हा प्रश्न दर रविवारी येतो. मागे एक तरुण आला होता. आईच्या प्लेटलेट ६२ हजार, रसाचं माप विचारायला आला होता. मी विचारलं, ताप किती? म्हणाला, काल रात्रीच उतरला, आता बरं वाटेल तिला. उलट्या? हो, सकाळपासून चार-पाच. पोट? म्हणे दुखतंय बरंच, रस कडू होता म्हणून असेल.

मी त्याला मापाचं काही सांगितलं नाही, उठवलं आणि आईला घेऊन दवाखान्यात जायला सांगितलं. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो. रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपायला लागतं. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती किंवा बेचैनी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं की लगेच भरती. चार दिवस सलाइनवर राहून आई घरी आली. सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे आणि पपईच्या झाडाकडे बघत होतं, पोटाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

पपईच्या पानावर छोटे अभ्यास झाले आहेत, त्यात काहींना प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या. पण त्याने माणसं वाचतात असं सिद्ध झालेलं नाही. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि तसल्या अंगदुखीच्या गोळ्या टाळायच्या, रक्तस्राव वाढू शकतो.

उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, खरं का?

कांदा जेवणात घ्या, खिशात त्याचा उपयोग नाही. माझे सासरे आयुष्यभर ठेवायचे, आणि डोक्याला दुपट्टा बांधून, पाणी पिऊन, दुपारी बाराच्या आत घरीही यायचे. श्रेय कांद्याला मिळालं. अंग भाजल्यासारखं गरम आणि माणूस बरळतोय, नीट उत्तर देत नाही, असं दिसलं तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला, १०८ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पन्हंसुद्धा घालू नका.

एआयला विचारलं तर चालतं का? तो मराठीत छान बोलतो.

बोलतो छान, तीच तर पंचाईत आहे. बरोबर असताना आणि चुकलेला असताना त्याचा आवाज एकच असतो. चांगला डॉक्टर उत्तर देण्याआधी चार प्रश्न विचारतो: गरोदर आहात का, किडनीचा त्रास आहे का, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत. हे यंत्र बऱ्याचदा न विचारताच सुरू होतं, मग ते उत्तर कोण्या सरासरी माणसाचं असतं. म्हणून त्याच्याकडून शब्द समजून घ्या. ‘हा परिच्छेद सोप्या मराठीत सांग’, ‘या आजाराबद्दल डॉक्टरांना काय विचारू’ इथपर्यंत ठीक. डोस विचारू नका. भारताच्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून सल्ला देण्याच्या मार्गदर्शक सूचना २५ मार्च २०२० ला आल्या, त्यातही एआयवर चालणाऱ्या यंत्रणेला पेशंटला सल्ला द्यायची किंवा औषध लिहून द्यायची परवानगी नाही. ती डॉक्टरला मदत करू शकते, औषध डॉक्टरनेच लिहायचं.

फोटो टाकताना नाव, फोन नंबर, पत्ता झाकून टाका. कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला तरी चालतो.

व्हिडिओवाले पांढऱ्या कोटातले डॉक्टर खरे असतात का?

काही असतात. कोट दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर अ‍ॅलोपथी डॉक्टरचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून बघता येतं. ‘डायबिटीस मुळापासून घालवतो’ अशी जाहिरात दिसली तर तपासायचीही गरज नाही. १९५४ च्या औषध आणि जादुई उपाय कायद्यात काही आजारांची यादीच आहे, डायबिटीस, कॅन्सर, लठ्ठपणा, बीपी वगैरे, ज्यांच्यावर औषधाची अशी जाहिरात करायलाच मनाई आहे. म्हणजे जाहिरात करणारा पहिल्याच वाक्यात कायदा मोडतोय.

दवाखान्याचा फोन नंबरही शोधयंत्रात जो पहिला दिसेल तो घेऊ नका. ‘अपॉइंटमेंटसाठी पाच रुपये भरा’ म्हणून लिंक पाठवणारे तिथेच बसलेले असतात. जुन्या चिठ्ठीवरचा नंबर लावा.

घरबसल्या खऱ्या डॉक्टरांशी बोलता येतं का?

सरकारची ‘ई-संजीवनी’ आहे, मोफत. महाराष्ट्रात आरोग्य सल्ल्यासाठी १०४. मन फार जड झालं असेल, झोप उडाली असेल तर ‘टेलि-मानस’ १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. औषधाने पुरळ उठलं, गरगरलं, काही वेगळं झालं तर कळवायला १८००-१८०-३०२४. हा नंबर दुकानात असताना मी पेशंटना लिहून द्यायचे, फार कमी लोकांना माहीत असतो.

कधी अजिबात शोधायचं नाही?

तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोबडी वळली. छातीत दाब आणि घाम. श्वास लागतोय. बाळ दूध ओढत नाही, निपचित पडलंय. फिट थांबत नाही. साप चावला. अशा वेळी फोन फक्त १०८ लावायला हातात घ्यायचा. लकव्यात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास लक्षण सुरू झाल्यापासून मोजतात, तुमचं वाचून झाल्यापासून नाही. लक्षण किती वाजता सुरू झालं ते तळहातावर लिहा, तिथे गेल्यावर पहिला प्रश्न तोच असतो.

डॉक्टरांना ‘नेटवर वाचलं’ म्हटलं की ते चिडतात.

चिडतात, कारण बरेच जण निकाल सांगायला जातात. ‘मला थायरॉइडच आहे, गूगलवर आहे’ असं म्हटलं की संभाषण तिथेच संपतं. त्याऐवजी म्हणा, ‘डॉक्टरसाहेब, मी थायरॉइडबद्दल वाचलं. केस गळणं आणि थकवा मला आहे, पण वजन वाढलेलं नाही. मला ते लागू होतं का?’ मी लोकांना पोस्टकार्डाएवढा कागद देते. त्यावर तीनच ओळी: काय होतंय आणि कधीपासून, काय वाचून भीती वाटली, चालू गोळ्या. चौथी ओळ लिहू देत नाही. लोक मागच्या बाजूला लिहितात.

निघताना एकदा आपल्या शब्दांत परत सांगून बघा: ‘म्हणजे ही गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त, बरोबर?’ चुकलं तर तिथेच कळतं.

घरच्या ग्रुपवर मोठे दीर पाठवत राहतात. त्यांना कसं सांगू?

ग्रुपवर नको. फोन करा, आणि ‘हे खोटं आहे’ने सुरुवात करू नका. ‘भाऊजी, हे कोणासाठी आहे, आईंसाठी की आपल्यासाठी? कारण आईंच्या किडनीच्या गोळ्या चालू आहेत’ असं विचारा. माझे दीर यावर दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘हे तं त्यात लिहिलंच नव्हतं.’ पुढच्या दिवशी मेथीदाण्यांचं आलंच, पण सोबत ‘डॉक्टरांना विचारून घ्यावे’ अशी ओळ होती.

टेबलावर येताना काय आणू?

जुने रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले. एकट्या आकड्यापेक्षा मागच्या वर्षीचा शेजारी ठेवला की जास्त कळतं. चालू गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी. फोन चार्ज केलेला, कारण वाचनालयात एकच प्लग आहे आणि त्यावर कूलर असतो. आणि चष्मा. विसरलात तर ड्रॉवरमध्ये एक आहे, डाव्या काडीला रबरबँड लावलेला. तो वाचून झाल्यावर तिथेच ठेवा, मागचे दोन गेले.